समुद्रावर पोसलेले वादळ

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत भर दुपारी शाळेच्या पटांगणावर उठणारी वावटळ तुम्ही पाहिली असेल. कोठून तरी वाऱ्याची एक गिरकी येते; वाळलेली पाने, कागदाचे कपटे आणि धूळ यांचा एक स्तंभ भिरभिरत वर चढतो, पटांगण ओलांडून कुंपणापर्यंत जातो आणि तेथेच मावळतो. सारा खेळ दोन-तीन मिनिटांचा. मुले त्या वावटळीत शिरण्यासाठी धावतात आणि डोळ्यांत धूळ घेऊन परत येतात. लहानपणी मीही धावलो आहे.

चक्रीवादळही असेच गरगर फिरते, म्हणून पुष्कळांना ते या वावटळीचे थोरले भावंड वाटते. हा समज खरा नव्हे. वावटळ तापलेल्या कोरड्या जमिनीवर जन्मते आणि क्षणात विरते. चक्रीवादळाचा विस्तार कित्येकदा पाचशे किलोमीटरांहून अधिक असतो आणि ते आठ-आठ दिवससुद्धा टिकते. मुख्य भेद निराळाच आहे. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, समुद्राच्या पाण्यावर पोसले जाते आणि त्या पाण्यापासून तुटले की मरते. माणसांचे प्राण घेते तेही बहुधा पाण्यानेच.

आपल्या कोकण किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी असे एक वादळ येऊन आदळले. त्याचे नाव ‘निसर्ग’. दुपारच्या सुमारास ते श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात जमिनीवर चढले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. त्या दिवसांत करोनाच्या साथीमुळे सारा देश आधीच घरात बसलेला होता. ज्या घरात बसायचे त्याच घराचे छप्पर कोकणातल्या कित्येक कुटुंबांवरून उडून गेले.

काही महिन्यांनी श्रीवर्धनला जाण्याचा योग आला. तेथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची सुपारीची वाडी आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, आणि तेथील वाड्या इतक्या दाट असत की भर दुपारीही आत गार काळोख असे. मी पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक झाडे उसाच्या कांड्यासारखी मधोमध मोडून पडलेली होती. तो म्हणाला, “गुरुजी, आमच्या वाडीत ऊन पडलेलं मी या जन्मी पहिल्यांदाच पाहतोय.” नारळाचे नवे रोप लावले तर ते फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात. वादळाने तेथे जेमतेम काही तास घालवले होते.

एवढे बळ वाऱ्याच्या अंगी येते कोठून? या प्रश्नाचे उत्तर तुमच्या घरातल्या पाण्याच्या माठापाशी मिळेल. उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला असाल. माठाच्या अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पाणी आतल्या पाण्याची उष्णता बरोबर घेऊन जाते. ही उष्णता थोडीथोडकी नसते. बर्फासारखे गार असलेले एक लिटर पाणी उकळीला आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करण्यास लागते. पण ही उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेत दडून राहते, आणि वाफेचे पुन्हा पाणी झाले की बाहेर पडते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढताना हाताला वाफ लागली, तर चटका किती जबर बसतो! आपल्या हातावर त्या वाफेचे पाणी होते आणि तिच्यातली दडलेली उष्णता आपल्या कातडीत शिरते.

आता माठाच्या जागी बंगालचा उपसागर किंवा अरबी समुद्र आहे अशी कल्पना करा. उन्हाळ्यात समुद्राचे पाणी तापते. ते साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक तापले, आणि हा उबारा वरच्यावर न राहता सुमारे पन्नास मीटर खोलीपर्यंत पोचला, म्हणजे वादळाचे अन्न तयार झाले. या उबदार पाण्याची वाफ अहोरात्र हवेत मिसळत असते. दमट, उबदार हवा हलकी होऊन वर चढते. उंचावर ती थंड होते, तिच्यातील वाफेचे जलबिंदू बनतात, ढग दाटतात, आणि समुद्रावर उचललेली उष्णता तेथे मोकळी होते. त्या उष्णतेने भोवतालची हवा आणखी तापून आणखी वेगाने वर जाते. खाली समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब कमी होतो. ती उणीव भरून काढण्यास चहूंकडून हवा धावत येते. ती येते कोरडी आणि समुद्रावरून धावता धावता दमट होते, म्हणजेच नवी वाफ घेऊन येते. मग तीही वर चढते, तिचेही पाणी होते, तिचीही उष्णता मोकळी होते. गणितात तुम्ही चक्रवाढ व्याज शिकला आहात. व्याज मुदलात मिळते आणि त्यावर पुन्हा व्याज चढते, तसाच हा प्रकार होय.

चहूंकडून धावत आलेली हवा सरळ मध्याशी न पोचता त्याच्याभोवती फेर का धरते? याचे कारण पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे. विषुववृत्तावरील जमीन पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. आपली मुंबई मात्र सुमारे १५८० किलोमीटर वेगाने जाते, कारण उत्तरेकडे अक्षवृत्ते लहान होत जातात. दक्षिणेकडून निघालेला वारा आपला मूळचा अधिक वेग घेऊन येतो, म्हणून उत्तरेकडे येताना तो पूर्वेकडे, म्हणजे आपल्या उजव्या हाताला झुकतो. दुसऱ्या दिशांनी येणारे वारेही उत्तर गोलार्धात असेच उजवीकडे वळतात. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यावर बसून समोरच्या मित्राकडे चेंडू टाकून पाहा. नेम कितीही चांगला असला तरी चेंडू त्याच्या हाती पडायचा नाही. मध्याकडे निघालेला प्रत्येक वारा असा नेम चुकून उजवीकडे सरकला, की सर्वांचे मिळून एक प्रचंड चक्र बनते आणि ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. दक्षिण गोलार्धात हे चक्र काट्यांच्या दिशेने फिरते. विषुववृत्तालगतच्या चार-पाच अंशांच्या पट्ट्यात मात्र वाऱ्याला असे वळण मिळत नाही. तेथील समुद्र कितीही तापला तरी चक्रीवादळ सहसा उठत नाही, ते याच कारणाने.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “समुद्र तर आषाढ-श्रावणातही उबदार असतो, मग ऐन पावसाळ्यात अशी वादळे फारशी का येत नाहीत?” शंका रास्त आहे. वादळाच्या ढगांचा स्तंभ बारा-पंधरा किलोमीटर उंच असतो. तो उभा राहायचा तर खालचे व वरचे वारे फार भिन्न असून चालत नाही. देवघरातल्या उदबत्तीचा धूर पाहा: हवा शांत असली की तो सरळ रेघेसारखा वर जातो, पंखा लावला की लगेच विस्कटतो. पावसाळ्यात आपल्या समुद्रावर खाली पश्चिमेचे जोरदार वारे आणि वर पूर्वेचे वारे वाहत असतात. त्यांच्या ओढाताणीत वादळाला आपले अंग सावरता येत नाही. म्हणून आपल्याकडील चक्रीवादळे बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा तो सरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात.

याच वादळाला अटलांटिक महासागरात हरिकेन म्हणतात आणि चीन-जपानकडच्या समुद्रात टायफून म्हणतात. इंग्रजीतील ‘सायक्लोन’ हा शब्द मात्र आपल्या देशात, कोलकात्यात जन्मास आला. तेथे हेन्री पिडिंग्टन नावाचा एक अभ्यासू इंग्रज अधिकारी होता. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या ताडून पाहण्यात त्याने वर्षानुवर्षे घालवली. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने हा शब्द योजला, तो सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ देणाऱ्या ग्रीक शब्दावरून. उपग्रहाने आकाशातून घेतलेले चक्रीवादळाचे छायाचित्र पाहिले म्हणजे हे नाव किती समर्पक आहे ते कळते. पिडिंग्टनने असे छायाचित्र कधी पाहिले नव्हते, आणि पाहणे शक्यही नव्हते.

त्या वेटोळ्याच्या ऐन मध्यावर एक वाटोळी मोकळी जागा असते. तिला वादळाचा डोळा म्हणतात. तो सामान्यतः तीस ते साठ किलोमीटर रुंद असतो. त्याच्या कडेने ढगांची भिंत उभी असते, आणि सर्वांत भयंकर वारा व पाऊस त्या भिंतीतच असतो. आत मात्र वारा पडतो, पाऊस थांबतो, कधी कधी ऊनही पडते. हीच शांतता घातक ठरते. अमेरिकेतील मायामी शहरावर १९२६ सालच्या सप्टेंबर महिन्यात असे वादळ आले. शहर नव्याने वाढलेले, आणि पुष्कळ रहिवासी दूरदूरच्या गावांहून नुकतेच येऊन राहिलेले. हरिकेन म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते. सकाळी वारा एकाएकी थांबला, तेव्हा संकट टळले असे समजून लोक रस्त्यावर आले. हवामान कचेरीचा तेथील प्रमुख रिचर्ड ग्रे बाहेर धावत येऊन ‘परत फिरा, धोका टळलेला नाही’ असे ओरडून सांगत होता. सुमारे अर्ध्या तासाने डोळा पुढे सरकला. भिंतीची दुसरी बाजू शहरावर आली, या वेळी वारा उलट दिशेचा होता, आणि बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांना घर गाठता आले नाही.

वादळ मरते कसे, हे आता तुम्हांला सांगावे लागणार नाही. जमिनीवर चढले की त्याचा समुद्राशी संबंध तुटतो, नवी वाफ मिळेनाशी होते. डोंगर, झाडे आणि घरे यांच्यावर घासून वाऱ्याचा वेगही उणावतो. दुपारी किनारा ओलांडलेले ‘निसर्ग’ पुणे-नाशिकच्या बाजूने ईशान्येकडे सरकले, संध्याकाळपासून ढिले पडत गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चक्रीवादळ म्हणण्यासारखे काही उरले नव्हते. समुद्रावर असतानाही एखादे वादळ खंगते. थंड पाण्यावर गेले किंवा वाळवंटाकडची कोरडी हवा त्याच्या पोटात शिरली, तर त्याची उपासमार होते. फार वेळ एके ठिकाणी रेंगाळले तर ते स्वतःच समुद्र घुसळून खालचे थंड पाणी वर आणते. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तो असा!

वारा मेला तरी ढगांत साठलेले पाणी बाकी असते. २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ‘हार्वे’ नावाचे हरिकेन जमिनीवर चढले आणि मंदावून तेथेच घुटमळत राहिले. काही ठिकाणी थोड्या दिवसांत १५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, आणि ह्यूस्टनसारख्या मोठ्या शहराचे रस्ते नद्या झाले. म्हणून किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनीही ‘वादळ दुबळे झाले’ ही बातमी ऐकून निर्धास्त होऊ नये.

वाऱ्याच्या हानीचा एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट झाला तर नऊपट होतो. ताशी ६० किलोमीटरांच्या वाऱ्यात नुसती डोलणारी सुपारी १२० किलोमीटरांच्या वाऱ्यात का मोडते, ते यावरून समजेल. तरीही वाऱ्याहून पाण्याचे भय अधिक. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलोग्रॅम असते, आणि वादळ असे पाणी डोंगराएवढे ढकलून आणते. यालाच वादळाचे उधाण म्हणतात. ते नेहमीच्या लाटेसारखे येऊन मागे जात नाही. समुद्रच वर उचलला जातो आणि तासन्‌तास जमिनीवर चढत राहतो. त्याला थोडे साहाय्य हवेच्या कमी दाबाचे होते. दाब एक मिलिबारने उतरला तर पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर चढते. पण मोठा वाटा वाऱ्याच्या ढकलण्याचा असतो. आपल्या गोलार्धात वादळ ज्या दिशेने चालते तिच्या उजव्या अंगाचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्यावर लोटतो, डाव्या अंगाचा वारा ते किनाऱ्यापासून दूर नेतो. ‘निसर्ग’ने किनारा ओलांडला तेव्हा मुंबई त्याच्या डाव्या अंगाला पडली, हे तिचे भाग्य.

किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असला तर हे उधाण फारच उंच चढते, कारण ढकललेल्या पाण्याला खाली जाण्यास वाव नसतो. बंगालच्या उपसागराची उत्तरेकडील बाजू अशीच उथळ आणि नरसाळ्यासारखी निमुळती आहे. १९७० सालच्या नोव्हेंबर महिन्यात तेथील सखल बेटांवर, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर, रात्रीच्या वेळी उधाण आले आणि तीन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली असे मानले जाते. जगाच्या ज्ञात इतिहासात कोणत्याही चक्रीवादळाने एवढे बळी घेतलेले नाहीत.

हे उधाण ओळखणाऱ्या पहिल्या काही लोकांत पिडिंग्टन होता. सरकारने सुंदरबनात मातला नदीच्या काठी नवे बंदर वसवण्याचे ठरवले, तेव्हा १८५३ साली त्याने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यास पत्र लिहून कळवले की, ही जागा वादळाच्या उधाणाच्या तोंडाशी आहे, येथे बंदर करू नये. कोणी ऐकले नाही. १८५८ साली तो वारला. बंदर बांधले गेले, कॅनिंग असे त्याचे नाव ठेवले गेले, आगगाडीही आली. १८६७ साली वादळ आले, समुद्र बंदरात शिरला, आणि थोड्याच वर्षांत ते बंदर सोडून द्यावे लागले.

आता ओडिशाच्या किनाऱ्यावरील दोन वादळे पाहू. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीप बंदराजवळ महाचक्रीवादळ आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता, मध्यावरील हवेचा दाब नेहमीपेक्षा जवळजवळ १०० मिलिबारने उतरलेला होता. वर दिलेल्या हिशेबाने केवळ त्यामुळे पाणी किती चढेल ते तुम्हीच काढून पाहा. प्रत्यक्षात उधाण पाच-सहा मीटर उंचीचे होते आणि पाणी कित्येक किलोमीटर आत घुसले. किनाऱ्यालगतच्या एरसमा भागात गावेच्या गावे वाहून गेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. वादळ येत आहे हे हवामान खात्याला ठाऊक होते. परंतु पुष्कळ खेड्यांत ती सूचना वेळेवर पोचली नाही. आणि जेथे पोचली, तेथील लोकांना जावे कोठे हा प्रश्नच होता. आसपास उंच, पक्क्या इमारती फारच थोड्या होत्या.

१२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्यात, गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ हे वादळ आले. त्याचाही वेग ताशी २०० किलोमीटरांहून अधिक होता. घरे पडली, भातशेती गेली, वीजतारा लोळल्या. पण उपग्रहांनी त्याच्यावर कित्येक दिवस पाळत ठेवली होती, आणि वादळ येण्यापूर्वीच सुमारे दहा लाख लोकांना किनाऱ्यावरून हलवण्यात आले होते. या वेळी मृतांची संख्या पन्नासांच्या आत राहिली.

मधल्या चौदा वर्षांत वाऱ्याची किंवा समुद्राची प्रकृती पालटली नव्हती. पालटले ते एवढेच की, गावोगावी तालमी घेतल्या गेल्या. कोणी कोणाच्या दारावर थाप मारायची, वृद्धांना व आजाऱ्यांना कोणी उचलायचे, हे आधी ठरले. आणि किनाऱ्याने शेकडो पक्क्या निवाऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. अशी इमारत उंच खांबांवर असते. खालचा मजला मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, म्हणजे समुद्र आत शिरला तरी पाणी खांबांमधून निघून जावे आणि माणसे वर कोरडी राहावीत. वादळ काही रोज येत नाही. तेव्हा एरवी या इमारती रिकाम्या ठेवलेल्या नाहीत. त्यांतल्या पुष्कळ इमारतींत वर्षभर शाळा भरते.